नवी बॅटरी टाकूनही जुनी गाडी सकाळी उठत नाही: खान्देशातल्या उन्हात काय तपासायचं

मारुती ८००, झेन, जुनी अल्टो, वॅगन आर, इंडिका. गाडी एरवी ठणठणीत असते, पण सकाळी चावी फिरवली की सेल्फ (इंजिन फिरवून देणारी स्टार्टर मोटर) जड फिरतो, नाहीतर नुसतं खट्-खट्-खट् होतं. मग गल्लीतल्या दोन पोरांना हाक मारायची, धक्का मारून गाडी चालू करायची आणि चौकातल्या वायरमनकडे न्यायची. तो बोनेट उघडतो, बॅटरीकडे एक नजर टाकतो आणि म्हणतो, "बॅटरी गई भो, बदली टाक." आपण बदलतो. काही महिने बरे जातात आणि पुन्हा तेच सुरू होतं.

जळगाव-भुसावळकडे हे इतकं नेहमीचं झालंय की "आपल्याकडे बॅटरी टिकतच नाही" असं लोक धरूनच चालतात. यातलं अर्धं खरं आहे. आपल्या उन्हात बॅटरी लवकर थकते, हे नाकारता येत नाही. पण पुन्हा पुन्हा मरणाऱ्या बॅटऱ्यांमध्ये अशा कितीतरी असतात, ज्यांचा स्वतःचा काहीच दोष नसतो. दोष असतो अर्थिंगच्या वायरीत (बॅटरीचं निगेटिव्ह इंजिन आणि पत्र्याला जोडणारी), गाडी चालू असताना बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरमध्ये, नाहीतर रात्रभर गुपचूप वीज खाणाऱ्या एखाद्या जोडणीत. तो दोष तसाच ठेवून नवी बॅटरी टाकली की तिचेही तेच हाल होतात. म्हणून पैसे मोजण्याआधी एक साधा डिजिटल मल्टीमीटर घ्या आणि खालची तपासणी घरीच करा. मीटर काही शे रुपयांत मिळतो, बॅटरीला हजारो मोजावे लागतात.

मार बसतो मे महिन्यात, कळतं डिसेंबरात

आधी उन्हाचं बघू, कारण खान्देशात सुरुवात तिथूनच होते. लेड-ॲसिड बॅटरीत शिशाच्या प्लेटा आणि सौम्य गंधकाम्ल असतं. तापमान साधारण दहा अंशांनी वाढलं की आतल्या रासायनिक क्रियेचा वेग जवळपास दुप्पट होतो. गाडी चालू करताना हे फायद्याचं वाटतं, पण त्याच वेगाने प्लेटांची जाळीही गंजते आणि पाणीही उडतं. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. अशा वेळी धुळ्याहून जळगावपर्यंत गाडी चालवून भर दुपारी उन्हात उभी केली, तर बोनेटखालचं तापमान साठच्या वर सहज जातं. तेव्हा पंखा बंद, वारा नाही, इंजिन तापलेलं आणि बॅटरी त्याच्या शेजारी.

हे नुकसान लगेच दिसत नाही. उन्हाळ्यात इंजिन गरम, ऑइल पातळ, त्यामुळे अर्धवट मेलेली बॅटरीसुद्धा सेल्फ फिरवून देते. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा दहाच्याही खाली उतरतो. ऑइल घट्ट होतं, आतली क्रिया मंदावते आणि सेल्फला ताकद जास्त लागते, ती त्या बॅटरीत उरलेली नसते. लोक म्हणतात थंडीने बॅटरी मारली. थंडीने फक्त ती उघडी पाडलेली असते. बॅटरीची खरी देखभाल होळीपासून पहिल्या पावसापर्यंतच्या दिवसांत करायची असते, ती याचसाठी.

आधी आवाज ऐका

मीटर लावण्याआधी चावी फिरवा आणि कान द्या. हेडलाइट लावलेले असू द्या. खट्-खट्-खट् असा भराभर आवाज आला आणि लाइट मंदावले, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. एकच "टक" वाजून सगळं शांत झालं आणि लाइट लख्ख राहिले, तर संशय सेल्फवर, त्याला वीज जोडून देणाऱ्या सोलेनॉइडवर किंवा सेल्फच्या वायरीवर घ्या. सेल्फ जड, ओढत ओढत फिरला तर पुढचं सगळं वाचा, कारण त्यात बॅटरी दोषी असेलच असं नाही.

मीटरवरचे तीन आकडे

पहिला आकडा सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, काहीही चालू करण्याआधी घ्यायचा. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा आणि मीटरच्या काड्या क्लॅम्पला (वायरीच्या टोकाची पकड) न लावता थेट बॅटरीच्या शिशाच्या पोलवर टेकवा. १२.६ किंवा थोडा जास्त असेल तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. आकडा १०.५ च्या आसपास अडकला आणि चार्जिंगनंतरही वर येईना, तर सहापैकी एक सेल बसलेला आहे, कारण प्रत्येक सेल दोन व्होल्टच्या थोडं वर देतो. त्या बॅटरीवर आणखी पैसे घालवू नका, ती बदलायचीच.

दुसरा आकडा सेल्फ मारताना. कोणालातरी चावी फिरवायला सांगा आणि मीटर बघत राहा. भरलेली, निरोगी बॅटरी ९.६ व्होल्टच्या खाली जात नाही. सकाळी १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच आठ-साडेआठवर कोसळली, तर तिची आतली ताकद संपली आहे. "व्होल्ट तर बरोबर आहेत, मग बॅटरी चांगलीच" असं म्हणणारे इथेच फसतात.

तिसरा आकडा गाडी चालू असताना. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असेल तर अल्टरनेटर काम करतोय. हेडलाइट आणि ब्लोअर चालू करून थोडा रेस द्या, तरीही १३.५ च्या आसपास टिकला पाहिजे. साडेबारावरच राहिला तर बॅटरी भरतच नाहीये: बेल्ट सैल आहे, अल्टरनेटरचे कार्बन ब्रश झिजलेत किंवा त्याचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर गेलाय. १४.८ च्या वर गेला तर उलटा त्रास. जास्त व्होल्टेजने बॅटरी शिजते, पाणी महिन्या-महिन्याला कमी होतं, सडक्या अंड्यासारखा वास येतो. दर उन्हाळ्यात पाणी भरून थकलेले बरेच जण रेग्युलेटर तपासतच नाहीत, आणि मग सगळा दोष उन्हावर जातो.

बॅटरी चांगली, तरी सेल्फ जड

यावर जरा थांबून लिहितो, कारण हा दोष सगळ्यांत जास्त निसटतो. चाळीसगावला माझ्या मावसभावाची वॅगन आर आहे. तिच्यात एकामागून एक बॅटऱ्या गेल्या. मीटर लावला तर सकाळचा आकडा १२.६. सेल्फ मारताना बॅटरीवर अकराच्या वर व्होल्ट, म्हणजे उत्तम. तरी सेल्फ रडत होता. बॅटरीवर व्होल्ट टिकून आहेत आणि सेल्फ मात्र जड, याचा अर्थ एकच: ताकद मधल्या वाटेत अडतेय.

मग मीटरची एक काडी बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरली आणि सेल्फ मारला. तिथे ०.२ व्होल्ट, फार तर ०.३ दिसायला हवेत. दिसले जवळपास दीड. गाडीचं डेंटिंग-पेंटिंग झालेलं होतं आणि अर्थिंगची पट्टी रंगावरच बोल्ट मारून बसवलेली होती. पट्टी सोडवली तर तिच्या तोंडाखाली हिरवट चूर्ण. पॉलिश पेपरने रंग घासून चकचकीत पत्रा काढला, पट्टीचं टोक घासलं, घट्ट आवळलं आणि वरून व्हॅसलिन लावलं. आकडा ०.२ च्या खाली आला आणि सेल्फ पहिल्याच झटक्यात फिरला.

अल्टरनेटरचं अर्थिंगही इंजिनमार्फतच बॅटरीकडे परततं. म्हणजे खराब अर्थिंगमुळे सेल्फ जड फिरतो, आणि बॅटरी पूर्ण भरतही नाही. अर्धवट भरलेल्या अवस्थेत ती महिनोन् महिने राहते. प्लेटांवर सल्फेटचे कडक स्फटिक जमतात आणि वर्ष-दीड वर्षात नवी बॅटरी निकामी होते. त्या गाडीत बॅटऱ्या का जात होत्या, त्याचं उत्तर त्या रंगाखाली होतं. हीच तपासणी पॉझिटिव्ह बाजूनेही करा: एक काडी पॉझिटिव्ह पोलवर, दुसरी सेल्फच्या जाड वायरीच्या बोल्टवर. आणि एकदा पोल आणि त्यावरचा क्लॅम्प यांच्यामध्येही बघा. तिथे जवळपास शून्य दिसलं पाहिजे.

रात्री वीज कोण खातंय

दोन-तीन दिवस गाडी उभी राहिली की उतरते आणि रोज चालवली की काही होत नाही, तर कुठेतरी गळती आहे. फुटक्या माठात रोज पाणी ओतत राहण्यातला हा प्रकार, माठ नवा आणला तरी चीर तशीच ठेवलेली.

गाडी बंद करा, चावी काढा, दारं लावा. उघड्या दाराचा दिवा मोजमापात आला तर सगळं चुकतं. निगेटिव्ह क्लॅम्प काढा. मीटर १० अँपिअरवर ठेवा, लाल काडी मीटरच्या १० अँपिअरच्या भोकात घाला, आणि क्लॅम्प व पोल यांच्या मध्ये मीटर जोडा. मीटर असा लावलेला असताना चावी अजिबात फिरवायची नाही, मीटरचा फ्यूज उडेल. इंजेक्शनच्या गाडीत कॉम्प्युटर झोपायला वेळ घेतो, म्हणून वीस मिनिटं थांबा. जुन्या कार्ब्युरेटरच्या ८०० मध्ये आकडा लगेच खाली येतो.

५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर काळजी नाही. ३५ अँपिअर-अवर साठ्याची बॅटरी त्या वेगाने रिकामी व्हायला महिना लागतो. पण ४०० मिलिअँपिअर दिसले, तर तीच बॅटरी दोन दिवसांत निम्मी होते. मग एकेक फ्यूज काढत जा आणि मीटर बघा. ज्या फ्यूजला आकडा पडला, चोर त्याच लाइनवर. बहुतेक वेळा तो कंपनीने बसवलेला नसतोच. स्टिरिओ, ॲम्प्लिफायर, बाहेरून बसवलेलं सेंट्रल लॉक, जीपीएस ट्रॅकर, मागचा कॅमेरा यांची वायर घाईत थेट चालू लाइनला जोडलेली सापडते. डिकीचा दिवा झाकण लावल्यावरही जळत राहणं हाही नेहमीचा प्रकार. मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू करून डिकीत ठेवा, झाकण लावा आणि नंतर बघा.

सगळे फ्यूज काढूनही गळती राहिली, तर अल्टरनेटरच्या डायोडवर (बॅटरीतली वीज उलटी परत जाऊ न देणारा भाग) संशय घ्या. बॅटरी सोडवून अल्टरनेटरची जाड वायर काढा, टोक टेपने गुंडाळा, पुन्हा मोजा. आकडा पडला तर अल्टरनेटर वायरमनकडे उघडून घ्या.

हिवाळ्यातली भरीत पार्टी इथेच मोडते. शेतात काटक्यांवर वांगी भाजायला टाकलेली असतात, दारं उघडी आणि स्टिरिओ जोरात. ॲम्प्लिफायरसकट पाच अँपिअर जरी धरले, तरी तीन तासांत १५ अँपिअर-अवर गेले, म्हणजे छोट्या बॅटरीचा जवळपास अर्धा साठा. नंतर पाच-सहा किलोमीटरच्या परतीच्या वाटेत तो भरून निघत नाही. दुसऱ्या दिवशी चार्जरवर लावायलाच हवी.

पाणी

टोपणं उघडणारी बॅटरी असेल तर मार्च ते जून दर महिन्याला बघा, बाकी वर्षभर दोन-तीन महिन्यांनी पुरतं. फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचं. नळाचं, बोअरचं, फिल्टरचं पाणी चालत नाही. आपल्या कुलरच्या पॅडवर एका उन्हाळ्यात जो पांढरा थर चढतो, तोच क्षार बोअरच्या पाण्याबरोबर प्लेटांवर जातो. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी बाटलीत जमवून बॅटरीत घालणारे बरेच आहेत; त्यात धूळ असते आणि कॉइलच्या धातूचा अंशही असतो, ते टाळा. ॲसिड तर कधीच वरून घालू नका. उडून गेलेलं असतं ते पाणी, ॲसिड आतच असतं.

पातळी खुणेपर्यंत, खूण नसेल तर प्लेटांच्या वर दहा-पंधरा मिलिमीटर. शक्यतो चार्जिंगनंतर भरा. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर आधी त्या बुडतील एवढंच घाला, मग चार्ज करा, मग खुणेपर्यंत न्या. हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारी नळी) मिळाला तर फारच चांगलं: भरलेल्या सेलमध्ये १.२५० ते १.२८० दिसतं, आणि एका सेलचा आकडा बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने कमी असेल तर तो सेल जातोय. झाकणबंद बॅटरीवरचा हिरवा डोळा फक्त एका सेलचं सांगतो. डोळा हिरवा आणि गाडी बंद, हे अगदी शक्य आहे.

पोलवर पांढरं-हिरवं बुरशीसारखं जमलं असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासा. ते पाणी टोपणांतून आत जाता कामा नये. कोरडं करून, क्लॅम्प आवळून, मग वरून व्हॅसलिन. आधी लावून वर क्लॅम्प बसवायचा नाही.

अजून दोन गोष्टी जुन्या गाड्यांत हमखास गायब असतात. एक, बॅटरी दाबून धरणारी पट्टी. तिच्या जागी सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधलेला असतो. आपल्या शेतरस्त्यांवर बॅटरी आदळत राहिली की प्लेटांवरचा लेप झडतो आणि खाली साचून सेल शॉर्ट होतो. पट्टी भंगारातून का होईना, शोधून बसवा. दुसरी, काही गाड्यांत बॅटरीभोवती कंपनीचं उष्णता अडवणारं कव्हर असतं. मेकॅनिक काढून ठेवतात, परत घालत नाहीत. ते आपल्यासारख्या उन्हाच्या मुलखासाठीच आहे. आणि दुपारी निंबाची सावली मिळत असेल तर चार पावलं जास्त चालावं लागलं तरी गाडी तिथेच लावा.

अडलो तर जंप कोणाकडून

ट्रॅक्टरची बॅटरी बहुधा १२ व्होल्टची असते, तिच्यावरून जंप घेता येतो; एकदा खात्री करा. पण रावेर-सावद्याच्या रस्त्यावर केळीचा मोठा ट्रक थांबवून त्याच्याकडून केबल लावू नका. मोठ्या ट्रकची यंत्रणा बहुतेक २४ व्होल्टची असते, तुमचा कॉम्प्युटर, स्टिरिओ, बल्ब सगळं जळू शकतं. लाल केबल आधी आपल्या पॉझिटिव्हला, मग त्यांच्या पॉझिटिव्हला. काळी त्यांच्या निगेटिव्हला आणि तिचं दुसरं टोक आपल्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. शेवटची ठिणगी बॅटरीजवळ पडू नये म्हणून हा क्रम; चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि तो पेट घेतो. बिडी-सिगारेट लांब ठेवा. काढताना उलट क्रम.

पूर्ण उतरलेली बॅटरी गाडी पळवून भरायची नाही, अल्टरनेटरवर भार येतो. ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला साडेतीन अँपिअरच्या आसपास, दहा-बारा तास, मोकळ्या हवेत. दुकानात "तासाभरात करून देतो" म्हणाले तर नको म्हणा.

बदलायचीच असेल तर

सगळं तपासून बॅटरीच दोषी निघाली, तर नवी घेताना गाडीच्या पुस्तिकेतला आकडा बघा. छोट्या पेट्रोल गाड्यांना साधारण ३५ अँपिअर-अवर, डिझेलला त्याच्या दीडपट-दुप्पट लागतो. ट्रेमध्ये नीट बसत असेल तर थोडी मोठी चालते, पण गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल तर मोठी बॅटरीही पूर्ण भरत नाही. पोल जाड की बारीक, पॉझिटिव्ह कोणत्या बाजूला, हे जुन्या बॅटरीचा फोटो दाखवून जुळवा. बाजू चुकली की वायर ओढूनताणून लावली जाते. निर्मितीचा महिना विचारा. दुकानात सहा महिने पडून राहिलेली घेऊ नका. तिथेच मीटर लावा, १२.५ च्या खाली असेल तर दुसरी मागा.

वॉरंटीत दोन भाग असतात. पहिल्या काळात बॅटरी फुकट बदलून मिळते, नंतरच्या प्रो-राटा काळात फक्त किमतीत सूट मिळते. दुकानदार दोन्हींची बेरीज करून मोठा आकडा सांगतो. फुकट बदलून देण्याचे महिने किती, हे वेगळं विचारा, आणि कार्डावर तारीख, शिक्का, बॅटरीचा नंबर तिथल्या तिथे लिहून घ्या.

काढताना निगेटिव्ह आधी, लावताना पॉझिटिव्ह आधी. दहाचा पाना, हातमोजे, चष्मा. स्टिरिओला कोड असेल तर आधीच लिहून ठेवा. इंजेक्शनच्या गाडीत बॅटरी काढल्यावर काही वेळ आयडलिंग वर-खाली होतं, घाबरू नका. जुनी बॅटरी दुकानातच परत द्या, तिचे पैसे वजा होतात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती अधिकृत पुनर्वापराकडे जायला हवी. भंगारवाला उघड्यावर फोडतो, ॲसिड नाल्यात ओततो, आणि शिसं त्याच मातीत राहतं जिथे पोरं खेळतात.

नवी बसवल्याच्या दिवशीच वरचे तीन आकडे घेऊन मार्करने बॅटरीच्या अंगावर तारखेसकट लिहा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आणि दिवाळीला पुन्हा घ्या. सकाळचा आकडा हळूहळू घसरतोय आणि गाडी चालू असतानाचा आकडा ठीक आहे, तर गळती आणि अर्थिंग पुन्हा तपासा. वायरमनकडे जाल तेव्हा "बॅटरी उतरते" एवढंच सांगू नका, हे आकडे त्याच्यापुढे ठेवा, म्हणजे तो बॅटरीऐवजी दोष शोधायला लागेल.